रेब झुंडल गप्प बसले

फोन वाजला तेव्हा रेब झुंडल यांची बोटं खळीने बरबटलेली होती. 'रेब' असं सगळी गल्ली त्यांना आदराने म्हणे. एका जुन्या प्रार्थनापुस्तकाला नवा पुठ्ठा चिकटवून त्यांनी नुकतंच त्यावर वजन ठेवलं होतं. रिसीव्हर दोन बोटांच्या चिमटीत धरून त्यांनी कसाबसा कानाला लावला.

"रेब झुंडल बाइंडर ना? मी पेरेल, ब्नेई ब्राकहून बोलतेय. माझ्या भाच्यासाठी तुमच्या जिन्यातली एक मुलगी सांगून आलीय. ब्राइन्डेल. चौकशीला मुलीकडच्यांनी चार नावं दिलीत, त्यांत तुमचं तिसरं. पहिल्या दोघींनी तर तिला पार आकाशात नेऊन बसवलंय. आता तुम्ही सांगा. तुमच्याबद्दल इथपर्यंत ऐकून आहे हो आम्ही. जेरुसलेममधला जिभेला सगळ्यात जपणारा माणूस म्हणतात तुम्हाला."

रेब झुंडल एकटेच असूनही लाजले. "लोक काहीही म्हणतात," ते पुटपुटले. "विचारा."

"एकच विचारते. मुलगी स्वभावाने शांत आहे ना? माझी बहीण, म्हणजे मुलाची आई, फार हळवी आहे. घरात कुणाचा आवाज चढला की दोन दिवस जेवत नाही."

आणि इथे रेब झुंडल थांबले.

आठवड्यापूर्वीचीच गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरून ब्राइन्डेलचा आवाज त्यांनी ऐकला होता. "किती वेळा सांगायचं, आई! किती वेळा!" सगळा जिना दणाणला होता. ते सांगायचं का? लग्नाची चौकशी करणाऱ्याला खरं सांगावं, अशी ज्यू धर्मग्रंथांची शिकवण आहे. पण कामापुरतंच सांगावं, स्वतः पाहिलेलंच सांगावं, तिळाएवढंही वाढवू नये. आपण पाहिलं कुठे? नुसतं ऐकलं. तो राग होता की आणखी काही, कोण जाणे. म्हणजे सांगायचं नाही. मग भरभरून कौतुक करावं का? त्यालाही शिकवणीत बंदी आहे. फार स्तुती केली की ऐकणाऱ्याच्या जिभेवर 'हो, पण' येतं आणि त्या 'पण'चं पाप स्तुती करणाऱ्याच्या माथी बसतं. रेब झुंडल एकेक कलम मनातल्या मनात उलटत राहिले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं आणि ती टिकटिक फोनमधून थेट ब्नेई ब्राकपर्यंत पोचत होती.

"मुलगी चांगली आहे," अखेर ते म्हणाले.

पलीकडे एक लांब श्वास सुटला. "समजलं," पेरेल हळूच म्हणाली. "फार उपकार झाले, रेब झुंडल. देव तुमचं भलं करो."

फोन ठेवून त्यांनी बोटं धुतली. एकही शब्द जास्तीचा गेला नाही, याचं त्यांना थोडं समाधानच वाटलं.

चार दिवसांनी बाजाराच्या पिशव्या घेऊन जिना चढणारी हेन्या, ब्राइन्डेलची आई, त्यांच्या दारासमोर थांबली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, पण तिचा आवाज होता तसाच खणखणीत होता.

"मोडलं, रेब झुंडल! एकमेकांना बघायच्याही आधी मोडलं! काल संध्याकाळी मध्यस्थीणबाईचा फोन आला. म्हणे, मुलाच्या मावशीने इथे कुणाला तरी विचारलं आणि त्या माणसाला तिच्याबद्दल बोलवेना. बोलवेना! असं काय केलंय माझ्या लेकीने? सव्विसावं लागलंय तिला. आता हे चार घरांत पोचलं की पुन्हा कोण येणार आहे दारात?"

"हेन्या..." रेब झुंडल म्हणाले.

"तुमची गोष्ट वेगळी हो. तुम्ही कुणाचं वाईट बोलायचे नाहीत, म्हणून तर मी तुमचं नाव दिलं." पिशव्या उचलून ती वर गेली.

रेब झुंडल खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. चाळीस वर्षं सगळी गल्ली त्यांचं बोलणंच नव्हे, न बोलणंही ऐकत आली होती. एखाद्याचं नाव निघाल्यावर झुंडल गप्प बसले, की लोक एकमेकांकडे बघत. हे त्यांना ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. त्याची थोडी ऐटही होती मनात, हे त्या दुपारी त्यांनी स्वतःशी कबूल केलं.

क्षमा मागायला हवी होती. पण आपल्या तोंडून कुणाचं नुकसान झालं आणि त्या माणसाला ते माहीत नसेल, तर जाऊन सांगावं का? एका आचार्यांच्या मते सांगितल्यावाचून क्षमा नाही. दुसऱ्या आचार्यांच्या मते सांगू नये, आपलं मन हलकं करायला दुसऱ्याला दुखवू नये. दोन्ही पुस्तकं रेब झुंडल यांनीच बांधलेली होती. दोन्हींची शिवण अजून घट्ट होती.

पण चूक निस्तरायची तर ब्राइन्डेलला विचारल्यावाचून पाऊल टाकता येणार नव्हतं. ते एक मजला चढून गेले. हेन्या शेजारणीकडे होती. परक्या पुरुषाबरोबर बंद दाराआड एकटं राहू नये, म्हणून ब्राइन्डेलने दार सताड उघडं ठेवलं आणि ते बाहेर जिन्यातच उभे राहिले. बालवाडीत शिकवून नुकतीच आली असावी, तिच्या बाहीला निळा रंग लागला होता.

"तो माणूस मी," ते म्हणाले.

"कुठला माणूस?"

"ज्याला बोलवेना, तो."

ब्राइन्डेल भिंतीला टेकली. काही बोलली नाही. आपल्या गप्प बसण्यासमोर उभं राहणाऱ्याला कसं वाटत असेल, हे रेब झुंडल यांना पहिल्यांदाच कळलं.

"तुझा आवाज ऐकला होता मी. गेल्या आठवड्यात, आईवर ओरडत होतीस. ते सांगावं की नाही, याचा विचार करत राहिलो आणि विचार करता करता वेळ गेला. नाही सांगितलं. पण वेळ गेला तो गेलाच."

"ओरडत होते?" ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकदम हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. "अहो रेब झुंडल, तिला ऐकू येत नाही! दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी यंत्र दिलंय, ते एप्रनच्या खिशात ठेवते. कानात घालत नाही, लोक बघतील म्हणून. गॅस चालू राहिला होता त्या दिवशी. मी न ओरडून काय करणार?"

रेब झुंडल यांनी डोळे मिटून घेतले. प्रत्येक माणसाला चांगल्या बाजूने तोलावं, असं ते दर शनिवारी धर्मग्रंथात वाचत होते. "मी उद्याच जातो ब्नेई ब्राकला. त्या बाईंना हे सगळं..."

"नाही." ब्राइन्डेलने डोळे पुसले. "आईच्या कानाचं सांगायचं नाही. तिने माझ्याखेरीज कुणालाही कळू दिलेलं नाही. माझं लग्न तिच्या लाजेवर उभं राहायला नको."

"मग मी त्यांना काय सांगू?"

"ते मला काय विचारता? चाळीस वर्षं तुम्ही शिकताय काय बोलावं ते." बोलून गेल्यावर तिनेच जीभ चावली. "चुकले. पण जा. जमलं तर जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते गेले. पेरेलचं टेबलक्लॉथांचं दुकान होतं, भर रस्त्यावर, बायकांनी गजबजलेलं. रेब झुंडल दाराजवळच्या स्टुलावर बसले. चार जणींसमोर एखाद्या मुलीचं नाव घ्यायचं नाही, चांगल्यासाठीसुद्धा नाही, म्हणून ते गर्दी ओसरायची वाट बघत राहिले. पेरेल गोल चेहऱ्याची होती आणि तिचं तोंड कात्रीपेक्षा वेगाने चालत होतं. तासाभरात रेब झुंडल यांना तिच्या गुडघ्याची, सुनेची आणि पॉलिस्टरची सगळी हकीकत कळली.

शेवटची बाई गेली. "बोला आजोबा, कुठला नमुना दाखवू? घरातल्यांनी पाठवलंय वाटतं?"

"मी झुंडल. जेरुसलेमचा."

पेरेलच्या हातातली घडी तशीच राहिली. तिने आपणहून रस्त्याकडचं दार पूर्ण उघडलं आणि समोर येऊन बसली. "फोनवर सांगवेना, म्हणून इतक्या लांब आलात? एवढं वाईट आहे?"

"वाईट काहीच नाही. तुम्ही काय समजलात त्या दिवशी?"

"काय समजणार? मला वाटलं, मुलीला झटके येत असतील. मग वाटलं, आधीचा एखादा साखरपुडा मोडला असेल. बहिणीला म्हटलं, दोघींनी कौतुकाचे पूल बांधले, पण हा माणूस गप्प बसला. मी त्याच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवते."

"तिथेच फसलात," रेब झुंडल म्हणाले. "मला लोक जपून बोलणारा म्हणतात. खरं म्हणजे मी भित्रा आहे, पेरेल. चुकीचं बोललो तर पाप माझ्या नावावर लागेल, एवढीच भीती. मुलीचं काय होईल, हा विचार त्या सगळ्यात एकदाही आला नाही. ऐका. मी तिचा चढलेला आवाज एकदा ऐकला होता. एकदाच. त्याचा मी वाकडा अर्थ लावला. आता मला कारण कळलंय."

"काय कारण?"

रेब झुंडल यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

"बघा! परत गप्प!"

"परत. पण या खेपेला का ते सांगतो. ते कारण दुसऱ्याचं आहे, माझं नाही. ते ऐकलंत तर मुलगी तुम्हाला जास्तच आवडेल, एवढं शपथेवर सांगतो. आणि मी ते सांगू नये, असं तिनेच मला बजावलंय. मला सांगू दिलं असतं तर तिचं काम आत्ता लगेच झालं असतं. तरी नको म्हणाली."

पेरेल टेबलक्लॉथच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"आणखी एक," ते म्हणाले. आता त्यांना थांबवत नव्हतं. "वडील गेल्यावर ती त्यांचं प्रार्थनापुस्तक बांधायला घेऊन आली. सोळा-सतरा वर्षांची होती. जुनं पुस्तक बांधताना आम्ही कडा कापून सरळ करतो. ती म्हणाली, कापू नका. पान उलटताना बाबांचं बोट लागून कोपरे काळे झालेत, तेवढे राहू द्या. मी वेड्यावाकड्या कडांचंच बांधून दिलं. पन्नास वर्षांत एवढं वाईट दिसणारं पुस्तक माझ्या हातून गेलेलं नाही. दर गुरुवारी ती तिन्ही मजल्यांचा जिना झाडते आणि कुणी विचारलं तर म्हणते, माझंच पीठ सांडलं होतं. दर गुरुवारी कुठून सांडतं पीठ? मी पाहिलंय हे. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"अहो, श्वास घ्या," पेरेल म्हणाली. तिने आतून पाण्याचा पेला आणून त्यांच्यासमोर ठेवला. पाण्याआधीची छोटी प्रार्थना पुटपुटून त्यांनी पाणी प्यायलं.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"फार कौतुक करू नये, म्हणून."

"देवा रे!" तिने कपाळाला हात लावला आणि हसायला लागली. "आम्ही बोलून मरतो, तुम्ही न बोलून मारता! बसा तिथेच. हलू नका." तिने फोन ओढून बहिणीचा नंबर फिरवला. "हॅलो, त्सिपा? त्या जेरुसलेमच्या मुलीचं... नाही, नाही, झटके नाहीत गं. कोण म्हणालं झटके? मी म्हणाले होते? मग मी मूर्ख आहे. ऐक आता."

पुढल्या मंगळवारी संध्याकाळी भेट ठरली, शहरातल्या एका हॉटेलच्या बैठकीत, सगळ्यांच्या देखत पण दोघांनीच बोलायचं, रीतीप्रमाणे. लग्न ठरेलच असं कुणी म्हणालं नव्हतं. मुलाला ती आवडेल का, तिला मुलगा आवडेल का, यातलं काहीच रेब झुंडल यांच्या हातात नव्हतं. तरी चार वाजल्यापासून त्यांचं कामात लक्ष लागेना. दार उघडं ठेवून ते उगाच दोरा ओवत बसले.

ब्राइन्डेल खाली आली. केस घट्ट बांधलेले, हातात छोटी पर्स. त्यांच्या दाराशी येऊन थांबली.

"मला काही सुचत नाहीये, रेब झुंडल. काय बोलू मी त्याच्याशी? गप्पच बसले तर?"

रेब झुंडल विचारात पडले. मग आपण विचारात पडलोय, हे लक्षात येताच दचकून घाईघाईने म्हणाले, "काही घाबरू नकोस, पोरी. पेरेलचा भाचा आहे तो. दुसऱ्याला बोलू देण्याची त्याला जन्माची सवय असणार."

शब्द बाहेर पडले आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. बोटांच्या वर त्यांचे डोळे विस्फारले. "मी... त्या बाईंबद्दल... हे मी बोलायला नको होतं!"

ब्राइन्डेल आधी त्यांच्याकडे बघत राहिली. मग कठडा धरून ती इतकी हसली की पायरीवर बसायची वेळ आली. हसतच ती जिना उतरत गेली आणि खालचं दार लागलं तरी तिचं हसू रस्त्यावरून ऐकू येत होतं.