चारही टायर हवेत

हरदासबुवांना सिहोऱ्याच्या कीर्तनाला आपल्या बोलेरोतून सुखरूप न्यायचं क्षमाताईंनी कबूल केलं होतं. पण टायर पार गुळगुळीत झालेले. सकाळीच त्यांनी हिंदी मुलखात वाढलेल्या, बँकेतल्या पुतण्याला, अनिमेषला, गढा भागातल्या टायरच्या दुकानात धाडलं. "सांग, चारही टायर हवेत."

तासाभरात गाडी परत आली. टायर तेच, फक्त टम्म फुगलेले!

"चारों में हवा भरवा दी, काकू."

"अरे माझ्या राजा, हवेत म्हणजे पाहिजेत!"

"मग पुण्याची मराठी काहून बोलून राहिली तू?"

आता क्षमाताई स्वतःच गेल्या. दुकानदाराने खोल खाचांचे टायर दाखवले. "दीदी, कीचड़ से भी निकाल देगा. बस, सड़क पर थोड़ा गूँजेगा."

"गाडीच गायला लागली तर बुवांनी काय करायचं, भैया?" त्यांनी ऊन-पावसात, बारा महिने चालणारे, कमी आवाजाचे ऑल-सीझन टायर बसवून घेतले.

दुपारी सिहोऱ्याच्या वाटेवर, टँकरने भिजवलेल्या रस्त्यात एकदम म्हैस आडवी आली. अनिमेषने ब्रेक दाबला. गाडी जरासुद्धा न घसरता थांबली. क्षमाताईंनी डोळे उघडले, तर मागे बुवांचं नामस्मरण तसंच चालू होतं.

"पांडुरंगा!" म्हणत क्षमाताईंनी रोखलेला श्वास सोडला.