घरात माणसं किती

रोज सकाळी कॉफीच्या आधी मी एक स्तोत्र वाचते, आणि दिवसभर कुणाविषयी वाईट बोलायचं नाही असा माझा नेम आहे. थोरली बहीण लेंपीताई हिच्याशी फोनवर बोलले की नेम मोडतो, म्हणून तिला संध्याकाळच्या प्रार्थनेच्या जरा आधी फोन करते. लगेच क्षमा मागता येते.

यंदा ईस्टरआधीच्या उपवासात आमच्या पाळक रीक्काबाईंनी कार्बन कमी करायला सांगितलं आणि प्रत्येकाला एक कागद दिला. गाडी किती चालवता, मांस किती खाता, घर कशानं तापवता, घरात माणसं किती. त्यावरून माणशी वर्षाचा आकडा निघतो. ज्याचा सगळ्यांत कमी, त्यानं ईस्टरनंतरच्या रविवारी मंडळींपुढे चार शब्द बोलायचे.

नम्रता मला फार प्रिय. ती चारचौघांना दिसावी एवढंच मागणं. मी मांस सोडलं, गाडी बर्फात गाडलेलीच ठेवली, आणि शनिवारी सौनाची, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीची, भट्टी निम्म्या लाकडांवर पेटवून, आत कुडकुडत घामाची वाट पाहिली.

माझा आकडा तेरा जणांत सगळ्यांत कमी आला. दोन दिवस आरशापुढे नम्र चेहऱ्याची तालीम केली.

शुक्रवारी भाषणात घालायला म्हणून कागद पुन्हा काढला, तर 'घरात माणसं किती' यापुढे माझ्याच अक्षरात 'दोन'. माझे यजमान, तैस्तो, जाऊन तीन वर्षं झाली. घर तापवण्याचा निम्मा भार मी त्यांच्या नावावर टाकला होता. जिवंतपणी माझी लाकडं फोडली, आता मेल्यावर माझा धूरही वाहत होते बिचारे. खरा हिशेब केला, तर मी अकरावी.

देवाला ठाऊकच आहे, मग मंडळींना कशाला त्रास, असंही मनात येऊन गेलं. शेवटी ताईला फोन केला. ती शेजारच्या गावी एकटी असते. गुडघ्यांमुळे लाकडं उचलवत नाहीत, म्हणून सगळा हिवाळा स्वयंपाकघरातच कोट घालून काढते. ती पोट धरून हसली. मेलेल्या नवऱ्यालाही कामाला लावणारी तूच, म्हणाली. मग आवाज उतरला.

"सायमे, त्याचा कप अजून मांडतेस का गं?"

मी टेबलावरचा कप हळूच उचलायला गेले, तो बशीवर वाजला.

"मांडतेस."

"ताई, तू इकडेच राहायला ये ना."

"म्हणजे तुझा आकडा उतरवायला?"

खोटं बोलायचं नाही, हाही नेमच. "हो," म्हटलं.

"मग येते. दया येऊन बोलावलं असतंस, तर आले नसते."

रविवारी उभी राहून मी चूक कबूल केली. माझा आवाज मुळातच बारीक. कुणाला काही ऐकू गेलं नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रीक्काबाई म्हणाल्या, "सायमीबाई, जरा मोठ्यानं." तेव्हा तीच नामुष्की मी दुसऱ्यांदा, जवळजवळ ओरडून पत्करली.

आता कागदावरचा 'दोन' खरा आहे. तैस्तोंच्या कपातून ताई कॉफी पिते, एक दिवसाआड माझ्याकडून सौना तापवून घेते, तीही पूर्ण लाकडांवर, आणि तिथल्याच निखाऱ्यांवर सॉसेज भाजते. मलाही अर्धं देते. काल पुन्हा हिशेब केला. अकरावी होते, ती बारावी झाले.