पोटातल्या वासराची जकात

सरहद्दीपलीकडच्या सरकारने आमच्याकडून जाणाऱ्या गुरांवर जकात बसवली, दर डोक्यामागे. गुरं तिकडे जाईनात, म्हणून इकडचा भाव पडला आणि तिकडचा चढला. माझा मेहुणा गुरांचा व्यापारी. त्याने हिशेब मांडला, डोक्यामागे जकात म्हणजे पोटातलं वासरू फुकट! दिवस भरलेली गाय त्याने स्वस्तात उचलली आणि बायकोसह नाक्यावर रांगेत उभा राहिला.

"आज-उद्याची आहे हो ती. चालवू नका म्हटलं होतं ना?"

"तू गप गं. पलीकडे पोचली की खुशाल विऊ दे."

गायीने काही तेवढी कळ काढली नाही. खिडकीपाशी नंबर लागला आणि ती तिथेच व्याली.

कारकून खिडकीतून वाकला. "अभिनंदन. आता दोन डोकी."

"अहो साहेब, अजून ते उभंसुद्धा राहिलं नाही!"

"डोकं आहे ना?"

दुप्पट जकात भरली तर नफा बुडणार, परतलं तर इकडे पडलेला भाव. बायकोने वासरू पुसून मेहुण्याच्या हातात दिलं आणि गाय घराकडे वळवली.

मागच्या रांगेत सगळे व्यापारी घाबरून आपापल्या गायींची पोटं चाचपू लागले.