तीनदा रंगवलेली काच

"पोटचा पोरगा इथं कामाला, आणि बापाच्या रिपोर्टसाठी आईने दोन बस बदलून यायचं!" प्रयोगशाळेच्या दारातूनच तिने तोफ डागली.

मुलगा दचकून उठला. आजारी माणसाच्या अंगातला तुकडा काचेवर घेऊन रंगवायचा, हे त्याचं सतरा वर्षांचं काम. दहा दिवसांपूर्वी त्याच्या बापाच्या गालातला तुकडाही इथंच आला. रिपोर्ट नसल्याने ऑपरेशन अडलं होतं, आणि मुलगा रोज बाप झोपल्यावर घरी येत होता.

"तोंडात चमचा जात नाही त्यांच्या. काल म्हणतात कसे, 'जन्मभर तुझ्यापुढे तोंड उघडलं नाही, आता उघडू म्हटलं तर उघडत नाही.' हसत होते रे. आणि तू तोंड लपवत फिरतोस?"

"आई, हळू बोल. रंग बसत नव्हता. तीनदा केलं."

"सतरा वर्षं काय मग भिंती रंगवल्यास?"

तिला स्टुलावर बसवून त्याने तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

तपकिरी जाळी दिसली. घट्ट, एकसारखी, तिच्या हातच्या स्वेटरची वीण असावी तशी.

"चांगलं तर आहे की!"

"तो दुसऱ्या कुणाचा निरोगी तुकडा. रंग नीट चढतो का, हे कळावं म्हणून त्याच काचेवर ठेवतो." त्याने काच किंचित सरकवली. "हे बाबांचं."

जाळी विरत गेली होती. पुढे नुसते फिकट ठिपके, कुणाचा कुणाला धरबंध नाही.

"पेशी एकमेकींना ज्याने धरून राहतात ना, त्यालाच हा रंग चढतो," तो म्हणाला. "ते संपलं की त्या सुटतात. गळ्याकडे पसरायला निघतात."

ती बराच वेळ डोळा लावून होती. मग विचारलं, "शेजारचा तुकडा तिन्ही वेळा नीट रंगला?"

"हो."

लोकर तीच, सुया त्याच, हातही तोच; म्हणजे दोष विणणाऱ्याचा नव्हता. तिने चष्मा काढून पदराने पुसला. काचा स्वच्छ होत्या, तरी पुसत राहिली. कामचुकार, नालायक, असं बरंच काही तिने बसमध्ये जुळवून ठेवलं होतं.

"काम चोख आहे तुझं," ती म्हणाली. "दिसतंय तसं लिही. आणि आज ते जागे असताना घरी ये."