डोहावर न मारलेली हाक

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. हल्ली परसात पालथी पडलेली असते आणि माझ्याखाली कोंबड्या अंडी घालतात. पाण्यात होते तेव्हा मला एवढी सोबत कधी नव्हती!

"ओढ्याला पाणी असतं घोट्याएवढं. बूड सपाटच ठेव," असे मासेमाराने सुताराला बजावले होते. सुताराने माझे बूड पाटासारखे सपाट केले आणि फळ्यांच्या सांध्यांत डांबर भरले. मोठ्या पाण्यातल्या होड्यांनी मला नाके मुरडली असती. पण ओढा आटल्यावर मी जिथे तरंगायचे, तिथे त्यांची डाळ शिजली नसती.

मासेमाराची बायको पुढे बांबू घेऊन उभी राही, तो मागे गळ टाकून बसे. दगड वर आले की दोघे उतरत आणि मला दोन्ही बाजूंनी उचलून पलीकडे नेत. तिने मला कधी फरफटवले नाही.

"पोरीपेक्षा हिलाच जास्त जपतेस," तो चिडवायचा.

"पोरगी उलट बोलते. ही बिचारी कुणाला सांगणार?"

कमी पाणी फार स्वच्छ असते. माशांना सावली दिसते, बोलण्याची चाहूल लागते. म्हणून माझ्यात बसल्यावर बोलायचे नाही, असा दोघांचा नियम होता. बोटाने माझ्या कडेवर एकदा ठोकले की थांब, दोनदा ठोकले की चल. घरी त्यांची खडाजंगी चाले, पण माझ्यात पाय ठेवला की दोघे चिडीचूप. मला त्यांचा संसार त्या ठोक्यांवरूनच कळला.

आणखी एक नियम होता. तिरक्या झाडाखाली एक डोह होता, तिथे गळ टाकायचा नाही. ओढा आटला की उरलेसुरले मासे तिथेच जमत आणि नवे पाणी आले की तिथूनच ओढाभर पसरत. डोह आला की ती न चुकता दोनदा ठोकत असे.

मग तिचे गुडघे गेले आणि तिच्या जागी जावई आला. खुणा त्याला पहिल्याच दिवशी शिकवल्या होत्या. पण दगड आले तरी तो उतरत नसे. पाय भिजतात म्हणे! माझे बूड खरवडून निघायचे. "लाकूडच तर आहे," तो म्हणाला. हे वाक्य मी अजून विसरलेले नाही.

त्या वर्षी ओढा कधी नव्हे इतका आटला. आम्ही डोहावर आलो आणि जावयाने पिशवीतून जाळे काढले. मासेमाराने एकदा ठोकले. जाळे डोहाच्या या काठापासून त्या काठापर्यंत पसरले. त्याने पुन्हा ठोकले, पुन्हा, पुन्हा. माझी कड दुखेपर्यंत ठोकले. जावयाने मागे न पाहता तळहात वर केला, जरा दम धरा म्हणून. मासेमाराचे तोंड उघडले आणि मिटले. होडीत बोलायचे नाही ना! मासे बिचकतील ना!

मी काठोकाठ भरले. परतताना त्या ओझ्यासकट जावयाने मला दगडांवरून ओढले आणि माझी मधली फळी फुटली.

बायको काठी टेकत दारात आली.

"डोहातले?"

मासेमाराने होकारार्थी मान हलवली.

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"ठोकत होतो गं. किती वेळा ठोकलं."

"अहो, एकदा ओरडायचं तरी! सगळे पळाले असते की."

"होडीत कुणी ओरडतं का?"

ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली.

"आई, एवढे मासे बघून कुणी रडतं का?" जावई म्हणाला. तो खरोखरच गोंधळला होता.

पुढे पाणी आले, ओढा दुथडी वाहिला. मासे मात्र आले नाहीत. जावई दुसऱ्या कामाला लागला. मासेमार काठावर गळ टाकून बसायचा, तेही आता सोडले. माझी फळी कुणी बदलली नाही, कारण मला न्यायचे कुठे? कधी तो माझ्या पाठीवर येऊन बसतो आणि त्याचे बोट आपोआप एकदा ठोकते. आता ठोकून काय उपयोग, बाबा?

मित्रांनो, मला दुरुस्त करा, रंग लावा, असे मी म्हणत नाही. पण तुमच्याही जवळ असा एखादा डोह असेल आणि कुणी त्यात जाळे पसरत असेल, तर शहाण्यासारखे ठोकत बसू नका. बोंब मारा. मासे बिचकले तर बिचकू देत.