लेबल खरवडलेली बाटली

मी बाटली बोलतेय. कशाची म्हणाल, तर काळ्या स्टाउट बिअरची. आणि कुठली म्हणाल, तर जरा हळू विचारा. सुपरमार्केटची. त्यांच्याच नावाची, सगळ्यांत स्वस्त. मांजरांच्या खाण्याशेजारी, अगदी खालच्या फळीवर आमची रांग. माणसं आम्हाला उचलण्याआधी मागे वळून बघतात आणि टोपलीत टाकलं की वरून पाव ठेवतात. शरमेनं तोंड काळवंडतं म्हणतात. मला तीही सोय नाही, मी आधीच काळी.

काचेच्या भट्टीतून निघाले तेव्हा अशी नव्हते हो. चकचकीत होते. पोटात काय पडणार ते कुणाला ठाऊक? पण दुकानाचा छाप तेव्हाच तळाला, काचेतच उमटवलेला. ती माझी जन्मखूणच म्हणा.

मला घेतलं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यानं. घरी नेऊन थेट कोमट पाण्याच्या बादलीत बुडवलं. त्याची बायको घासणी घेऊन बसली आणि माझं लेबल खरवडायला लागली. डिंक निघेना, तर वरून तेल चोळलं. नवऱ्याचा चेहरा पडलेला बघून म्हणाली, झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण असं, की सासऱ्यांचा वाढदिवस दर वर्षी थोरल्या साडूंकडे व्हायचा. हे थोरले बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासणारे अधिकारी. घरात सगळे त्यांना पाठीमागे चोखंदळराव म्हणायचे. कुणीही काही प्यायला आणलं, की ते चारचौघांत घोट घेणार आणि निकाल देणार. गेल्या वर्षी आमच्या लिफ्टवाल्यानं माझीच एक बहीण नेली होती, लेबलासकट. चोखंदळराव म्हणाले होते, "भांडी विसळलेलं पाणी बाटलीत भरून विकतात होय हल्ली?" सासरे पोट धरून हसले. धाकटी लेक, म्हणजे आमच्या लिफ्टवाल्याची बायको, उठून आत गेली ती जेवायलाच बाहेर आली. यंदा पुन्हा तसं झालं असतं, तर तिनं माहेरच्या माणसांत बसणंच सोडलं असतं.

दुसरी भारी बाटली आणायची ऐपत नव्हती, म्हणून ही माझी आंघोळ.

तिथे पोचल्यावर लिफ्टवाल्यानं माझं बूच स्वतःच उघडलं आणि चटकन खिशात घातलं, कारण त्यावरही दुकानाचं नाव. चोखंदळरावांनी उंच ग्लास तिरका धरून मला ओतलं. माझा फेस काही टिकाऊ नाही. वर आला आणि पाहुण्यासारखा लगेच निघाला. त्यांनी ग्लास खिडकीकडे धरला, वास घेतला, घोट घेतला. डोळे मिटले. मी काय आहे ते मला ठाऊक होतं. पातळ, जळक्या पावाच्या चवीची, शेवटी जराशी आंबट. आता हा माणूस तोंड वाकडं करणार आणि ती बिचारी पुन्हा आत जाणार, असं वाटून मी मेल्याहून मेल्यासारखी झाले.

त्यांनी डोळे उघडले ते बऱ्याच वेळानं. "कुठून मिळवलीत?"

"एका मित्रानं दिली," लिफ्टवाला म्हणाला.

"छान आहे. मित्र जपून ठेवा."

सासऱ्यांनीही ग्लास पुढे केला. धाकटीचा चेहरा असा खुलला की काय सांगू. आणि मला? कौतुक झालं खरं, पण ते माझं नव्हतंच. खोटं नाव सांगून जेवायला बसल्यासारखं वाटलं.

लिफ्टवाल्याचंही तेच झालं असणार, कारण मी रिकामी होताच घाम पुसत त्यानं मला उचललं आणि तळावर अंगठा दाबून स्वयंपाकघरात आणलं. कचऱ्याच्या डब्यासाठी त्यानं सिंकखालचं कपाट उघडलं. आत एक पिशवी होती. पिशवीत माझ्या बहिणी. डझनभर तरी असतील, साऱ्या रिकाम्या, आणि एकीच्याही अंगावर लेबल नाही.

मागून चोखंदळराव ग्लास घेऊन आले आणि दारातच थांबले. मग त्यांनी ग्लास सिंकमध्ये ठेवले, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाआड बोलले.

"कारखान्यानं चव बघायला यंत्र आणलंय. मी घरीच असतो. हिच्याशिवाय कुणाला माहीत नाही. रोज ठरल्या वेळी डबा घेऊन निघतो आणि बागेत बसतो."

"म्हणजे तुम्ही ओळखलीत?"

"रोजची आहे. ओळखणार नाही का?"

"मग बोलला का नाहीत?"

"गेल्या वर्षी बोललो होतो की," ते म्हणाले आणि ग्लास विसळत राहिले.

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांची हाक आली, जावईबापू, आहे का अजून ती? दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चोखंदळरावांनी फ्रिजमधून, भाजीच्या कप्प्यातून, एक भरलेली काढली. तिला लेबल होतं. लिफ्टवाल्यानं तिचं बूच काढून खिशात घातलं, ओट्यावरचा पंचा घेऊन तिला मानेपर्यंत गुंडाळलं, आणि दोघे मिळून ती बाहेर घेऊन गेले. मलाही बहिणींच्या पिशवीत टाकलं होतं, तिथून मी ऐकत होते. सासरे म्हणाले, "नशीब काढलं बुवा माझ्या पोरींनी. दोन्ही जावई एका मापाचे."

दुसरी सकाळ. आता आम्ही नाक्यावरच्या, काच टाकायच्या मोठ्या पेटीपाशी आलो आहोत. चोखंदळराव एकेकीला पेटीत सोडताहेत. हात आत खांद्यापर्यंत घालतात, तळाला टेकवतात, मग हळूच सोडतात. खणखण झाली तर शेजारी बघतील ना. रोजचा जेवणाचा डबा पायाशी ठेवलाय. आत इतर बाटल्याही आहेत, लांबलांबच्या, भारी नावांच्या. भट्टीत सगळ्या एकच होणार.

आता माझी पाळी. अहो, एकच मागते. मी स्वस्त आहे, पण चोरीची नाही. खांदा अवघडलाय तुमचा. इतकं हळू ठेवू नका मला. टाका जोरात. काच आहे मी, आवाज करणारच.