बाप्तिस्म्याचा कटोरा

अठराशे अठ्ठ्याण्णव साली आमच्या कॅन्ससमधल्या गावाला क्यूबाचं वेड लागलं होतं. नकाशावर क्यूबा दाखव म्हटलं असतं तर निम्म्या गावाने बोट समुद्रातच बुडवलं असतं, पण स्पेनच्या जाचातून त्या बिचाऱ्यांना सोडवायचं यावर सगळ्यांचं एकमत. माझा धाकटा भाऊ अल्वा फौजेत गेला, तो डनिंग वकिलाच्या हाताखाली. वकील एका रात्रीत कॅप्टन झाला होता.

पोरांना क्यूबा दिसलाच नाही. त्यांना उलट्या दिशेला सॅन फ्रान्सिस्कोला नेलं आणि तिथून बोटीने फिलिपाइन्सला. ती मनीलात उतरली तोवर स्पेनशी लढाई आटोपली होती. हरलेल्या स्पेनने ती बेटं, माणसांसकट, आम्हाला विकून टाकली. स्पेनविरुद्ध तिथले जे लोक आमच्या बाजूने लढले, तेच आता आमची रयत. त्यांनी मान तुकवायला नकार दिला, तेव्हा आमच्या पोरांना बंदुका त्यांच्यावर रोखायला लावलं.

अल्वा परतला तो हाडांचा सापळा होऊन. मिरवणूक निघाली, बँड वाजला. घरी मात्र तो बोलेना. मी डुकराचं मांस भाजायला घेतलं की उठून कोठारात जायचा.

त्याच हिवाळ्यात माझ्या मुलीचा बाप्तिस्मा होता. डनिंगने चर्चला चांदीचा कटोरा भेट दिला होता. काठावर द्राक्षवेल कोरलेली. पहिला मान माझ्या लेकीचा, म्हणून मी खुशीत होते.

पाळकबुवा विटकॉम्ब मुलीला हातात घेऊन म्हणाले, "अज्ञानात चाचपडणाऱ्या त्या बेटांवरून आलेली ही भेट..."

अल्वा बाकावरून उठला. तडक पुढे गेला आणि त्यांच्या हातातून पोरीला काढून घेतलं.

"अरे, काय हे?" पाळकबुवा दचकले.

"या पाण्याचा थेंब हिच्या अंगावर पडू द्यायचा नाही."

"अल्वा, बस खाली," डनिंग पुढच्या बाकावरून म्हणाला. "ताप चढलाय याला."

"मला ताप? सांगा ना सगळ्यांना, कॅप्टन, कुठे मिळाला हा! भेट म्हणे! अहो, तिथल्या चर्चमध्ये एक म्हातारी हा कटोरा पोटाशी धरून बसली होती. सोडेना, तर तुम्ही तिच्या बोटांवर बंदुकीचा दस्ता घातलात. मग त्या चर्चला आग लावायला सांगितलीत."

"आत बंडखोर लपले होते."

"आत बायका होत्या. कडी बाहेरून होती. काडी मी लावली, ताई," तो माझ्याकडे वळला. "मी लावली."

 आता कुणीतरी डनिंगला जाब विचारेल असं मला वाटलं. मागून एक बाई म्हणाली, "असलं काही चर्चमध्ये बोलायचं असतं का?" आणि माना डोलल्या. त्यांना आगीची किळस आली नाही, अल्वाची आली!  मी लेकीला शालीत गुंडाळलं आणि आम्ही तिघं बाहेर पडलो.

पुढे शेजारच्या गावातल्या जर्मन पाळकाने तिचा बाप्तिस्मा केला, पत्र्याच्या मगातल्या पाण्याने. अल्वाला गावात कुणी काम देईना. तो ओरेगॉनला लाकूडतोडीला गेला आणि परत आला नाही.

डनिंग निवडणुकीला उभा राहिला. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, भाषणात म्हणाला, "काल आपण शेतकऱ्यांचा देश होतो, आज सूर्य आपल्या राज्यावर मावळत नाही!" लोकांनी टोप्या उडवल्या. तो जिंकला, हे काय सांगायला हवं!

निवडणुकीआधी तो आमच्या फाटकाशीही आला होता. "झालं गेलं विसरा, बाई," म्हणत त्याने माझ्या लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.  मी त्याच्यादेखत तिला हातपंपाखाली धरलं आणि साबण लावून तिचं डोकं धुतलं.